मधे जागा हवी

...आणि तुम्हाला सांगते, चार तास चढून वर पोचलेला माणूस काय म्हणेल? पाणी दे म्हणेल, बसू दे म्हणेल, अगदीच रसिक असला तर 'वा' म्हणेल. आमच्या ह्यांनी पाठीवरची पिशवी उतरवली, एक डोळा मिटला, दोन्ही हातांच्या बोटांची चौकट केली, तिच्यातून त्या एवढ्या थोरल्या कड्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मधे जागा नाही." अहो, समोर अख्खं आकाश मोकळं, खाली दरी मोकळी, पलीकडे तो सरळसोट कडा, आणि ह्यांना मधे जागा नाही!

मी फारशी बोलत नाही हो. सासरी सगळे म्हणतात, सून गरीब आहे. गरीब कसली, लग्नाला अडीच महिने झालेत, कुठल्या वाक्यावर कोण रुसतं ते अजून कळलेलं नाही, म्हणून गप्प असते. पण तुमच्यापुढे बोलते. मला फक्त एक फोटो हवा होता.

आता तुम्ही म्हणाल, फोटोग्राफरच्या घरात दिलीय आणि फोटो कसला मागतेस? तेच तर! खाली सासऱ्यांचा स्टुडिओ, वर आम्ही. सासरे फोटोग्राफर, हे फोटोग्राफर, धाकटे भाऊजी फोटोग्राफर, ह्यांचे मामासुद्धा फोटोग्राफर. लग्नात घरचेच सहा कॅमेरे. आणि आम्हा दोघांचा एकत्र फोटो किती? शून्य. सासऱ्यांना वाटलं मामा काढतायत, मामांना वाटलं भाऊजी काढतायत, भाऊजी म्हणाले मला पाहुण्यांवर ठेवलं होतं, आणि खुद्द नवरदेव म्हणाल तर माझ्या शेजारून उठून कोपऱ्यातला दिवा सरकवायला गेले होते. सत्तावीस फोटोंत मी एकटी आहे, बाजूला रिकामी खुर्ची. तीन फोटोंत हे एकटे, तेही पाठमोरे. कुणाचे तरी एक काका आहेत, ते कुणाचे हे अजून ठरलेलं नाही, त्यांचे जेवतानाचे अकरा आहेत, एकाहून एक सुरेख.

माझी आई दर रविवारी फोन करते. कशी आहेस विचारते, तब्येत विचारते, मग हळूच म्हणते, "खिळा ठोकून ठेवलाय गं भिंतीवर." बस, एवढंच. माझी आई रागावली असती तर बरं झालं असतं.

तर झालं काय, स्टुडिओतला मागचा पडदा फाटला. रंगवलेला पडदा, त्यावर जिना आणि बदकांचं तळं. गिऱ्हाईक जिन्यापुढे उभं राहायचं आणि त्याच्या कानातून बदक निघाल्यासारखं दिसायचं. सासऱ्यांनी फर्मान काढलं की आता रंगवलेलं नको, खराखुरा कडा हवा, भिंतभर, कापडावर छापून घेऊ. आणि हे मला म्हणाले, "तू पण चल ना, आपला दोघांचा तिथेच काढू." मी हरखले हो! आवडती साडी... नाही, साडी नेसून कोण चढणार, पण नवा निळा कुर्ता इस्त्री केला, केस धुतले. ह्यांनी माझ्या हातात स्टँड दिला तेव्हाच मला कळायला हवं होतं.

स्टँड एका खांद्यावर, दुसऱ्या खांद्यावर ती उजेड परतवायची चंदेरी छत्री. वाटेत पहिल्या वळणावर चौकीवाला. त्याने छत्रीकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं, आणि अगदी काळजीच्या सुरात, "ताई, पावसाचं काही कानावर आलंय का?" मी काय सांगणार? पुढे दोन तास वाट म्हणजे नुसते गोटे आणि घसरण, वारा सुटला की छत्री मला दरीकडे ओढतेय, हे पुढून मागे न बघता म्हणतायत, "जपून हां... छत्रीला." इस्त्रीचं तर नावच काढू नका. मला फक्त एक फोटो हवा होता.

तर मधे जागा नाही. का, तर गिऱ्हाईक मधे उभं राहणार, तिथे कड्याचं टोक आलं की डोक्यातून शिंग निघणार. मग काय, आणखी वर चढा. दुसऱ्या जागी झाड मधे. तिसऱ्या जागी जागा मिळाली, तर उजेड नाही, तो चारला येणार. मग बसा दोन तास तापलेल्या दगडावर. आणि चार वाजता, काय सांगू तुम्हाला, कडा असा उजळला की मीसुद्धा छत्री विसरले. ह्यांनी डोळा कॅमेऱ्याला लावला आणि सवयीने म्हणाले, "हनुवटी जरा खाली." कड्याला! आयुष्य ओळखपत्रांचे फोटो काढण्यात गेलेलं, दुसरं काय होणार?

मग म्हणाले, "जा, तिथे उभी राहा." आला बाई आपला नंबर म्हणून मी केस सारखे केले, उभी राहिले, छानसं हसले. तर हे, "हसू नको गं, तू आत्ता गिऱ्हाईक आहेस, उंची बघतोय." झाली उंची बघून? "हां, आता बाजूला हो." झाले बाजूला. चाळीस फोटो काढले कड्याचे, चाळीस!

मग मी बोलले. अडीच महिन्यांत पहिल्यांदा, मोठ्या आवाजात. म्हटलं, "अहो, आईला काय सांगू मी?" हे एकदम ओशाळले. खरंच ओशाळले हो, माणूस वाईट नाहीये. म्हणाले, लावतो टायमर. टायमर दहा सेकंदांचा, आणि कॅमेरा ते मी, मधे सगळे गोटेच गोटे. पहिल्या फोटोत ह्यांची पाठ. दुसऱ्यात एक कोपर. तिसऱ्यात हे वेळेत पोचले, पण वळून कॅमेरा हलला का ते बघत होते. चौथ्या वेळी म्हटलं मी पळते, तुम्ही उभे राहा. मी पळत सुटले, आणि हे ओरडतायत, "हळू, स्टँड हलेल!" चौथ्या फोटोत ह्यांचं उघडं तोंड आहे आणि माझी वेणी. पाचव्याला कॅमेऱ्याने डोळे मिटले. चाळीस वेळा कडा काढल्यावर बॅटरी तरी किती पुरणार? उतरताना तीनही तास स्टँड आणि छत्री दोन्ही ह्यांनी स्वतःकडे घेतली. मी ओळखलं, माफी मागणं चाललंय.

पडदा मात्र असा छापून आला की बघत राहावं. भिंतभर कडा, मधे ऐसपैस जागा. गर्दी लोटली. परवा सासरे मला म्हणाले, "सूनबाई, ये खाली दोन मिनिटं," आणि ह्यांना दटावलं, "तू दिव्याला हात लावायचा नाहीस, तिच्या शेजारी उभा राहा." हे राहिले. पंख्याखाली, बटणांच्या फळीशेजारी, त्याच कड्यापुढे. एका झटक्यात फोटो निघाला, दोघंही हसतोय, डोळे उघडे. सात तास पाय मोडून जो मिळाला नाही, तो जिना उतरून मिळाला. तेरा पायऱ्या!

आईने तो नातेवाईकांत सगळीकडे पाठवला. ती फोनवर रडली, मीही जराशी. खरं काय ते सांगायचं माझ्या जिभेवर आलं होतं, पण आई सगळ्यांना म्हणत होती, बघा, जावई लेकीला कुठे कुठे नेतात... मग गिळलं. आणि काल माझ्या मावशीचा फोन. मावशीची नजर म्हणजे काय सांगावी! म्हणाली, "फोटो झकास आलाय गं, पण एवढ्या कड्यावर तू घरातल्या सपाता घालून गेलीस?"

म्हटलं, "मावशी, सासरी गेलं की सपाता घालूनच सगळीकडे चढायची सवय होते."