काकीचा देव्हारा आणि मोर्च्याची खळ

अरे, लाकूड जोडायचं तर सरस लावायचा, हे मिलच्या सुतारखात्यातल्या माणसाला कुणी शिकवायचं? पण लालबागच्या चाळीत आमच्या शेजारच्या काकीनं मला उलटंच शिकवलं!

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. काकीचा नवा देव्हारा जोडायला मी गॅलरीत बसलो होतो, स्टोव्हवर सरस वितळत होता. वास सुटला तशी काकी नाकाला पदर लावून आली.

"कसला रे हा वास?"

"सरस आहे. जनावरांच्या हाडाकातड्याचा असतो."

"मेल्या, माझ्या देवाला हाडं लावतोस?"

आणि ही बाई नुकतीच बांगडे तळून उठलेली! खिळे मारू का विचारलं, तर म्हणे देवाच्या घराला खिळे ठोकतात का?

"मग चिकटवू कशानं, काकी?"

"खळीनं. तुमच्या मोर्च्याचं पोस्टर जिन्यापाशी खळीनंच लावलंस ना? पोलीस खरवडून दमले. निघालं का?"

"अहो, तो कागद आहे! हे लाकूड आहे!"

घसा बसला माझा, पण काकी हलेना. शेवटी वैतागून मैद्याची खळ शिजवली आणि फळ्या जोडल्या.

आठवडाभरात सांध्यांना मुंग्या लागल्या. काकी फूल वाहायला गेली आणि देव्हारा पत्त्यांच्या बंगल्यासारखा बसला. बाळकृष्ण गडगडत मोरीपर्यंत गेला.

मी तोंड उघडायच्या आत काकीनं जिन्याकडे बोट केलं. पोस्टर जसंच्या तसं.

"बघ! चांगली खळ मोर्च्याला लावलीस आणि माझ्या देवाला उरलेली!"