आक्काबाईंचा पास

काष्टी स्टेशनच्या तिकीट खिडकीपुढे निकिता रांगेत उभी होती. पुढच्या दोघी म्हाताऱ्या मैत्रिणींचं बोलणं ऐकून तिला हसू आवरेना.

"आक्का, कालबी पुन्याला गेल्तीस?"

"रोजच जाते, रजिया! लेकीकडं. म्हैन्याचा पास हाय न्हवं. चार खेपांत वसूल झाला, बाकी समदं फुकट! आज संपला, नवा काढते."

"रोज जाऊन करतीस काय?"

"च्या पिते, लेकीची भांडी परत नीट लावते, सांजच्या गाडीनं माघारी."

"लेक काय म्हनती?"

"आई, गुडघं दुखतील, आता पास नको काढू, म्हनती. लई जीव माझ्यावर!"

"आन सून?"

"ती तर त्याहून गुनाची! सकाळी सहाला डबा तयार. स्कूटीवर स्टेशनला सोडती. आज पैसंबी तिनंच दिलं. म्हनली, आत्या, म्हैन्याचा कशाला, तीन म्हैन्याचा काढा, लई स्वस्त पडतो."

रजियानं क्षणभर आक्काबाईंकडं टक लावून पाहिलं. मग पिशवी उचलली आणि निकिताकडं वळली.

"पोरी, माझा नंबर धर. माझ्या सुनंला एवढी सवलत सांगून येते. माझ्या पासाचं पैसं तीबी हसत दील!"