जोत्याची उंची

धप्प, धप्प. प्रकाशा गावातल्या आमच्या नव्या घराचं जोतं मजूर जड धुम्मसानं ठोकायचे, तो आवाज अजून कानात आहे.

दरसाल मुरूम पडून गल्ली उंच व्हायची. पावसाचं पाणी घरात शिरू नये म्हणून उस्मान मिस्त्रीनं जोतं कमरेइतकं घेतलं. माय गुडघ्यांनी अधू, पण रोज समोरच्या शकूमावशीकडे बसायला जायची. तिनं जोत्यावर चढून पाहिलं, जमलं नाही.

"पायऱ्या करी देसू, माय," मी म्हणालो.

"त्या चढाले गुडघा कोठून आनू? मी आते घरमाच बसी ऱ्हासू."

मी मिस्त्रीला जोतं उतरवून वीतभरच ठेवायला सांगितलं.

"भाऊ, पानीसंगे सोयरीक करनी शे का?"

"पानी चार दिन येई. मायले रोज जानं शे."

माय तिथंच उभी होती. ती शकूमावशीकडे निघून गेली.