तीन नंबरचा बिल्ला

पोलीस ठाणे, सडबरी, ओंटारिओ. सोमवार, १० फेब्रुवारी, सकाळी १०.२०.

मी, हेल्वी कोस्केला, वय ६४ वर्षे, पूर्वी निकेलच्या खाणीत दिवेखान्याची राखणदार, आता निवृत्त, राहणार कॉपर क्लिफ. तक्रारदार श्री. बेलांजे यांच्याशी ओळख : नाही. इस्पितळात असलेल्या इसमाशी नाते : काही नाही. मला कुणी बोलावण्याआधी मी स्वतः ठाण्यात आले असून कॉन्स्टेबल रिव्हार यांच्यासमोर बसून, शुद्धीत आणि नाश्ता करून, सांगते ते असे की,

काल रविवारी दुपारी चारच्या सुमारास श्री. बेलांजे यांच्या मागच्या दाराची काच फुटली, ती मी फोडली. गाडीतली चाक खोलायची पहार वापरली. एका घावात फुटली. मी आत गेले, बूट काढले नाहीत, चारही खोल्या पाहिल्या, पलंगाखालीही पाहिले आणि बाहेर पडले. आत चार मिनिटे होते. कुठल्याही कपाटाला हात लावलेला नाही. स्वयंपाकघराच्या फरशीवर पोलिसांना जो पितळी बिल्ला सापडला, तीन नंबरचा, तो माझ्याकडचा आहे. चोर आपला नंबर मागे ठेवून जात नाही, हे मी कॉन्स्टेबलबाईंना सांगितले. त्या म्हणाल्या, "तुम्ही सुरुवातीपासून सांगा."

सुरुवात अशी. मी, ओमेर नावाचा एक माणूस आणि केप ब्रेटनचा लायल मॅकिसॅक, असे आम्ही तिघे गेले अकरा महिने संगणकावर 'सोळावा चंद्र' हा खेळ खेळतो. तिघांचे एक जहाज आहे. ते चंद्रापर्यंत न्यायचे, तिथून बर्फ आणायचा आणि जिवंत परत यायचे. जहाज आपोआप चालत नाही, कुणीतरी सतत सुकाणूवर लागते. मेले की सगळे पहिल्यापासून. बहुतेक लोक पहिल्या दिवशीच मरतात आणि दुसरा खेळ विकत घेतात. मी पहिल्या आठवड्यात नऊ वेळा मेले, त्यानंतर एकदाही नाही. ही बढाई नाही, कॉन्स्टेबलबाईंनी "तुम्हाला हे जमतं का?" असे विचारले म्हणून सांगितले.

या खेळात बोलले की हवा खर्च होते. खरोखरच्या तोंडाने माइकमध्ये एक वाक्य बोललात की पोशाखातली हवा तेवढी कमी होते. म्हणून आमच्यात नियम आहे : ज्याची हवा दहा टक्क्यांच्या खाली गेली त्याने जागेवर बसायचे, माइक बंद करायचा, आणि इतरांनी त्याला हाक मारायची नाही. हाक मारली की माणूस उत्तर देतोच. या नियमाने आम्ही दोनदा वाचलो आहोत. नियम माझा आहे.

बिल्ल्यांविषयी. खाणीत खाली जाणारा प्रत्येक माणूस दिवा घेताना आपल्या नंबरचा बिल्ला फळ्यावर 'खाली' या बाजूला टांगतो आणि वर आला की 'वर' या बाजूला. फळा माझ्या ताब्यात होता, एकतीस वर्षे. शेवटचा बिल्ला वर आल्याशिवाय मी कोट घातला नाही. एकतीस वर्षांत एकच बिल्ला वर आला नाही. त्याबद्दल इथे विचारलेले नाही. खाण बंद झाली तेव्हा फोरमनला विचारून मी जुने बिल्ले घरी आणले. माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर खिळ्यांच्या दोन रांगा आहेत. जहाजातून कुणी उतरला की त्याचा बिल्ला मी खालच्या रांगेत टांगते. ओमेरचा नंबर तीन. लायल यावर हसतो. "कप्तानबाई, अहो, मी माझ्या घरात सोफ्यावर बसलोय, मला कशाला टांगता?" असे म्हणतो. मी टांगते.

शनिवारी वादळ होते. संध्याकाळी खेळताना ओमेरच्या हातातला खेळाचा रिमोट बंद पडला. पाच मिनिटांत तो परत आला आणि म्हणाला, "मिळाल्या बॅटऱ्या." मी म्हटले, "शाब्बास, वेळ घालवला नाहीस." बॅटऱ्या कुठून मिळाल्या हे मी विचारले नाही.

रविवारी दुपारी दोन वाजता आम्ही पुन्हा बसलो. बाहेर उणे एकोणतीस होते आणि वाऱ्याने बर्फाचे ढीग भिंतींना लागले होते. ओमेर म्हणाला, "हेल्वी, सकाळपासून डोकं धरलंय गं. कॉफी तीनदा झाली, काही फरक नाही." मी म्हटले, "रडतोस काय, आधी बर्फ भर, मग झोप." हे वाक्य असेच लिहावे.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी लायल बर्फ घेऊन जहाजात परत आला. ओमेर खाली राहिला, नऊ टक्के हवा शिल्लक होती. नियमाप्रमाणे तो खडकाला टेकून बसला आणि त्याचा माइक बंद झाला. त्याला उचलायला जहाजाला चंद्राभोवती दोन फेऱ्या माराव्या लागणार होत्या. एक फेरी एकोणीस मिनिटांची.

पहिल्या फेरीत त्याच्यावरून जाताना मला दिसले की त्याच्या टोपावरचा दिवा चालू आहे. दिवा बॅटरी खातो आणि हवा त्याच बॅटरीवर बनते. वाट पाहत बसणारा माणूस पहिली गोष्ट करतो ती दिवा बंद करणे. खाणीतही तेच. ओमेर गेल्या अकरा महिन्यांत एकदाही दिवा लावून बसलेला नाही.

मी काही बोलले नाही. नियम होता. एक फेरी गेली.

दुसऱ्या फेरीत दिवा तसाच चालू होता, त्याच दिशेला. मी नियम मोडला.

"ओमेर, दिवा."

उत्तर आले नाही. लायल म्हणाला, "अहो, काय करताय? नियम तुमचाच आहे ना? त्याला बसू द्या की गुपचूप."

"त्याचा दिवा चालू आहे."

"विसरला असेल."

"ओमेर दिवा विसरत नाही. ओमेर, शिवी दे मला. काहीही बोल."

तेव्हा मला बॅटऱ्या आठवल्या. घरात बॅटऱ्या असलेली आणि वादळात हाताशी येणारी वस्तू एकच, भट्टीचा विषारी वायू घरात साठला तर वाजणारी भिंतीवरची घंटी. आणि सकाळपासून दुखणारे डोके. खाणीत काम केलेल्या माणसाला यापुढे समजावून सांगावे लागत नाही.

मी लायलला सांगितले की मी उठतेय. तो म्हणाला, "जहाज पडेल, हेल्वी. मला उडवता येत नाही. अकरा महिने गेले आपले." त्याने मला नावाने पहिल्यांदाच हाक मारली. मी म्हटले, "पडू दे." तीन वाजून वीस मिनिटांनी मी सुकाणू सोडले.

आपत्कालीन क्रमांकावर फोन लावला. पलीकडच्या मुलीने आडनाव विचारले. मला माहीत नव्हते. पत्ता विचारला, तोही माहीत नव्हता. "मग तुम्ही त्याला ओळखता कशा?" असे तिने विचारले, तिचे काम ती करत होती. मला एवढेच ठाऊक होते की ओमेर चेल्म्सफर्डच्या पुढे कुठेतरी राहतो, माझ्या घरापासून वीस-बावीस किलोमीटरवर. अकरा महिन्यांत त्याने बोलावले नाही आणि मी विचारले नाही. आम्ही दोघेही तसलेच.

पण त्याचा रस्ता मला पाठ होता. चंद्रावरच्या खुणांना नावे द्यायचे काम ओमेरकडे होते, आणि वाट चुकू नये म्हणून त्याने आपल्याच रस्त्याची नावे दिली होती. दोन उभे खडक म्हणजे चर्च. त्यापुढे तिरका दगड म्हणजे बटाट्याच्या चिप्सची गाडी, "हिवाळ्यात बंद असते" हेही तो प्रत्येक वेळी सांगायचा. मग लांबट टेकडी म्हणजे बेलांजेचे कोठार, आणि कोठारासमोर आमचा तळ, म्हणजे त्याचे स्वतःचे घर. मी मुलीला म्हटले, चेल्म्सफर्डपुढचे दोन मनोऱ्यांचे चर्च शोध, रुग्णवाहिका तिथे उभी कर, मी पोचून हॉर्न वाजवते. ती म्हणाली, "काकू, घरीच थांबा." मी थांबले नाही.

निघताना तीन नंबरचा बिल्ला खालच्या रांगेतून काढून खिशात घातला. खाणीत शोधायला पथक निघाले की हरवलेल्या माणसाचा बिल्ला पुढच्या माणसाच्या खिशात जातो. सवय.

चर्च सापडले. चिप्सची गाडी बर्फात अर्धी बुडालेली सापडली. कोठारही सापडले, लाल, त्याने सांगितले होते तसेच. तिथे मी चुकले. चंद्रावर आम्ही नेहमी उत्तरेकडून उतरतो, त्यामुळे कोठारापाशी तळ डाव्या हाताला येतो. रस्त्याने मी दक्षिणेकडून आले होते आणि तरीही डावीकडे वळले. शेकडो वेळा उतरलेली वाट, हात आपोआप वळले. अशा रीतीने मी श्री. बेलांजे यांच्या घराची काच फोडली, जे सध्या फ्लोरिडात ऊन खात आहेत, आणि रिकामा पलंग पाहून चार मिनिटे वाया घालवली. तक्रार इथवर खरी आहे. काच मी स्वतः बसवून देईन, मला बसवता येते आणि त्यांच्या आधीच्या काचेपेक्षा बरी बसेल.

बेलांजेच्या खिडकीतून मला रस्त्यापलीकडचे घर दिसले. घर गरम ठेवणाऱ्या भट्टीचा धूर बाहेर सोडणारी त्याच्या भिंतीवरची नळी बर्फाच्या ढिगाखाली गेली होती आणि तिथून वाफ येत नव्हती. थंडीत वाफ न येणारे घर मी तेवढे एकच पाहिले. धावले. माझ्या वयाला शोभेल त्याहून जोरात धावले. दार उघडे होते, तिकडची माणसे कुलूप लावत नाहीत. दार मी सताड उघडे ठेवले. ओमेर खुर्चीत होता, रिमोट हातात, गाल गुलाबी, त्या वायूने होतात तसे. पडद्यावर त्याचा दिवा चालू होता. मी त्याला काखेत धरून मागच्या मागे ओढत पायऱ्यांवरून बर्फात आणले आणि हॉर्न वाजवत राहिले. रुग्णवाहिका तीन मिनिटांत आली. ओमेर गोतिए हे त्याचे पूर्ण नाव मला रुग्णवाहिकेतल्या माणसाने त्याच्या पाकिटातून वाचून दाखवले.

कॉन्स्टेबलबाईंनी विचारले की पहिल्या फेरीतच दिवा दिसला होता तर तेव्हाच हाक का मारली नाही. मी म्हटले, नियम माझा होता. त्यांनी पुन्हा विचारले. जबाबात तसेच लिहावे.

आज सकाळी सात वाजता मी इस्पितळात गेले. तोंडावर हवेचा मुखवटा होता, तो त्याने स्वतः बाजूला केला. आम्ही एकमेकांना समोरासमोर पहिल्यांदाच पाहत होतो. मला वाटले होते त्याहून तो बुटका आहे.

"डावीकडे वळलीस ना?" तो म्हणाला.

"बोलू नकोस. हवा खर्च होते."

"जहाज?"

"पडलं. लायलने अकरा मिनिटं धरलं होतं."

"लायल?"

"मेला."

"बरं झालं. फार बोलायचा."

मग त्याने मुखवटा परत लावला आणि माझा हात धरून ठेवला. नर्सने उठवेपर्यंत मी तिथे होते. डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा तास झाला असता तर सांगता आले नसते. मी त्यांचे आभार मानले आणि खाली गाडीत येऊन थोडा वेळ रडले. नंतर ठाण्यात आले.

वरील जबाब कॉन्स्टेबल रिव्हार यांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. वेळा, ठिकाणे आणि फोडलेली काच मी सांगितल्याप्रमाणे आहेत. एका जागी दुरुस्ती हवी. सुरुवातीला 'इस्पितळात असलेल्या इसमाशी नाते : काही नाही' असे आहे. ते मीच सांगितले होते, ते खोडावे. तिथे लिहावे : त्याचा बिल्ला माझ्या भिंतीवर असतो.

पंचनाम्यातला तीन नंबरचा बिल्ला काम झाले की मला परत द्यावा. तो अजून वरच्या रांगेत टांगायचा राहिला आहे.

सही,
हेल्वी कोस्केला