पेढा भरवून मिटवलेलं भांडन

माझं माहेर नाकाडोंगरीकडचं, जंगलाच्या काठचं. लग्न करून करडीकडं धानाच्या मुलखात आली न अंगणवाडीत लागली, तेव्हापासून गावात मले सारे बाईच म्हनतात. माझ्या मालकाले बाईचा नवरा म्हनतात, त्याईले राग येते, येऊ द्या.

काय सांगू तुमाले ताई, गावात तंटे मिटवाची समिती झाली न मले तिच्यात घेतलं, मंग मी लय टेचात होती. गावातलं भांडन गावातच मिटलं पाहिजे, पोलीस ठान्यात नाही गेलं पाहिजे, असं डोक्यात बसलं होतं. धानाच्या रोवन्याच्या दिवसात आमच्या गल्लीतली रेखा आली, उजवं मनगट हे एवढं सुजलेलं, म्हने बाई, नवऱ्यानं पिरगाळलं, रोप धरनं होत नाही, मले भंडाऱ्याले न्या, तिथं बायाईसाठी अधिकारी बसते म्हनतात. बसतेच ना, संरक्षण अधिकारी, मले ट्रेनिंगमध्ये सारं शिकवलं होतं. पन मी म्हटलं, पोरी, संसार आहे, आधी समितीत बसू.

बसवलं. नवऱ्यानं कान धरले, मंग मीच पेढे आनले न म्हटलं, भरवा एकमेकाईले. त्यानं भरवला. रेखा डाव्या हातानं भरवून राहिली होती, त मी म्हटलं, अवं, उजव्यानं भरव, फोटो काढून राहिले ना. असं म्हटलं मी, ताई. सुजल्या हातानं भरवला तिनं. फोटोत सारे हासून राहिले, मीबी.

वर्षभरानं त्यानं असं मारलं का तिचा एक कानच गेला. तेव्हा नेली मी तिले. बसमधून कारध्याचा पूल मागं गेला, भंडारा आलं. अधिकारी बाई चांगली होती, दवाखान्याचं, कोर्टाचं समजावून सांगितलं, सारं लिहून घेतलं. मंग विचारलं, याच्या आधी कोनाले मदत मागितली होती का? रेखानं माझ्याकडं पाह्यलं न म्हने, नाही जी, कोनालेच नाही सांगितलं.

मी बाजूलेच बसली होती.

आता थे माहेरी राहते, कोर्टानं नवऱ्याले जवळ जायाची मनाई केली आहे, सुखी राहो पोरगी. आता कोनी बाई आली का मी समितीचं नावच घेत नाही, सरळ बस धरून भंडारा. पन अधिकारी बाईच्या त्या कागदावर तसंच लिहून आहे, कोनालेच नाही सांगितलं. न खाली साक्षीदार म्हनून सही माझी आहे.