पेनाचं टोपण

पेन मागणाऱ्याला पेन द्यावं आणि टोपण आपल्याकडे ठेवावं, म्हणजे पेन परत येतं. ही अक्कल मला गावच्या पोस्टात आली. नव्वद सालानंतर परदेशात, शॉमबर्गला किराण्याचं दुकान टाकलं, तरी माझं लाडकं शाईचं पेन मी असंच द्यायचो.

एकदा मुलाकडे राहायला आलेल्या एका काकूंनी बहिणीच्या पत्रावर पत्ता लिहायला ते मागून घेतलं आणि पेनासकट निघून गेल्या. टोपण माझ्या खिशात. दोन दिवसांनी संध्याकाळी आल्या. निब रुमालात गुंडाळलेली, रुमाल निळा झालेला.

"विसरलात होय, काकू?"

"विसरते कसली! नुसतं दुकानात जाऊन बसते म्हटलं, तर मुलगा म्हणतो, 'आई, वीकएन्डला बघू.' लोकांचं पेन परत द्यायचंय म्हटल्यावर ऑफिसातून आल्या आल्या गाडी काढली."

मी चहा टाकला. त्या बहिणीबद्दल बोलल्या, मी माझ्या गावाबद्दल. तेवढ्या वेळात एकही गिऱ्हाईक आलं नाही. बाहेर मुलानं हॉर्न दिला, तशा त्या उठल्या आणि पेन काउंटरवर ठेवलं.

मी खिशातलं टोपण काढून त्यांच्या हातात दिलं. "आज हे न्या. पेन राहू दे माझ्याकडे."

"आणि मुलाला काय सांगू?"

"सांगा, दुकानदाराचं टोपण चुकून पर्समध्ये आलं. पण फार दिवस लावू नका काकू, उघड्या पेनाची शाई वाळते."