बंदीच्या दिवसांतली पाहणी

आदरणीय अध्यक्ष शर्मिलाताई, व्यासपीठावरील मान्यवर, कार्यालयातले माझे सहकारी आणि समोर बसलेल्या माझ्या वाडीतल्या माणसांनो,

निवृत्त होणाऱ्या कारकुनाला एवढी मोठी शाल! प्रास्ताविकात सर्वेश म्हणाला, पडीक किनाऱ्यावर हे उद्यान उभं राहिलं ते हरिश्चंद्रांच्या कागदपत्रांमुळे. खरं आहे. सुट्टीत इथे पाय ठेवायला जागा नसते. पण मंडळी, हा किनारा पडीक होता कधी?

इथे रापण ओढली जायची. अख्खी वाडी दोन्हीकडचे दोर धरून जाळं किनाऱ्याला आणायची. आज झोपाळे आहेत तिथे माझी आई शेवंती आणि काशीबाई मावशी बांगडे सुकवायच्या. माझ्या दप्तराला त्यांचा वास यायचा म्हणून गुरुजी मला खिडकीशी बसवायचे.

अकरा वर्षांपूर्वी जागेची पाहणी झाली, ती नेमकी जुलैत. मासेमारीला पावसाळी बंदी, होड्या वर माडांत झावळ्यांच्या झापांखाली, जाळी घराघरांत. साहेब गाडीतून उतरलेही नाहीत. म्हणाले, "आज दिसतंय तेवढंच लिहा." मी लिहिलं, 'जागा विनावापर.' नारळी पौर्णिमेपर्यंत थांबूया, एवढं एक वाक्य मला बोलता आलं असतं. मी भ्यालो. दुसरं काही नाही.

माझ्या मागे भिंतीवर शोभेला टांगलंय ना, ते इथल्या शेवटच्या रापणीचं जाळं. गेल्या महिन्यात मावशी त्याला हात लावायला गेली, तर राखणदाराने अडवलं. घरी येऊन मला म्हणाली, "हरी, तुका म्हायत होता मा रे? मगे असा कसा लिवलंस?"

त्या नोंदीच्या दुरुस्तीसाठी मी दोनदा अर्ज केला. उत्तर आलं, रापणीचा पुरावा जोडा. उद्या जागा परत मिळाली तरी दोर धरणार कोण? तरणी पोरं मुंबईला गेली. जी राहिली, ती इथेच पर्यटकांना तिकिटं देतात. आता काही होणार नाही, हे मला कळतं.

असो. सत्काराच्या दिवशी तोंड कडू केलं, ते पदरात घ्या. अध्यक्षांचे, आयोजकांचे आणि शांतपणे ऐकून घेणाऱ्या तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.

पहिल्या रांगेतली ती खुर्ची मी मावशीसाठी ठेवायला सांगितली होती. ती आली नाही. खुर्ची रिकामी दिसते आहे, पण तिथे कुणी बसत नाही, असं मात्र कुणी लिहून ठेवू नका.